समासातली वर्तुळं

माझा पहिला इंग्रजी निबंध तपासून परत आला तेव्हा त्यावर लाल शाईचा ठिपकाही नव्हता. समासात पेन्सिलीने बारीक वर्तुळं काढली होती. एखाद्या ओळीसमोर एक, एखादीसमोर दोन, आणि एका ओळीसमोर तर चक्क चार. नेमकं काय चुकलंय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पानाच्या तळाशी मराठीत एवढंच: ‘मोज. शोध. मग भेट.’

मोजली. दीड पानात ४१.

तोवर माझी समजूत अशी होती की आपलं इंग्रजी बरं आहे. शाळेचं माध्यम मराठी असलं तरी इंग्रजीच्या पेपरात मला कधी गुण कमी पडले नव्हते. कर्तरीचं कर्मणी करा, गाळलेल्या जागा भरा, विरुद्धार्थी शब्द लिहा, हे सगळं मी झोपेतून उठूनही केलं असतं. निबंध पाठ असायचे, पत्राचा मायना पाठ असायचा. पण मला स्वतःला कुणाला तरी काही सांगायचंय म्हणून लिहिलं, असं एकही इंग्रजी वाक्य इतक्या वर्षांत माझ्या खात्यावर नव्हतं. पदवीच्या पहिल्या वर्षी लेखनाच्या तासाला मॅडमनी विषय दिला, ‘तुमच्या हातून झालेली एक चूक’, आणि म्हणाल्या, “याला गुण नाहीत. खरं लिहा.”

मी एका मैत्रिणीशी झालेल्या भांडणाबद्दल लिहिलं. आधी डोक्यात मराठी वाक्य जुळवायचं, मग त्यातला एकेक शब्द उचलून इंग्रजीत ठेवायचा, ही माझी पद्धत. मराठी वाक्यं अशी होती: ‘मी तिला नको ते बोलून बसले. नंतर फार वाईट वाटलं. माफी मागायची राहून गेली.’ कागदावर उतरलं ते असं: ‘आय स्पोक अनवाँटेड थिंग्ज टू हर अँड सॅट. लेटर व्हेरी बॅड वॉज फेल्ट. आस्किंग सॉरी रिमेन्ड.’

चार वर्तुळांची ओळ हीच.

भेटायला गेले तेव्हा मॅडमनी ती मोठ्याने वाचली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, “बसलीस कुठे?”

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा दोघींनाही हसू आवरेना. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं की ‘बोलून बसले’मधलं ‘बसले’ तिथे काय करतंय. याचा मी कधी विचारच केला नव्हता. बोलून गेले, बोलून टाकलं, बोलून घेतलं, बोलून दाखवलं, बोलून बसले. बोलणं एकच, पण मागे लागलेल्या त्या शेपटाने प्रत्येक वेळी त्याचा रंग बदलतो. ‘बसले’ म्हणजे व्हायला नको होतं ते झालं आणि आता परत घेता येत नाही. तीन अक्षरांत एवढं सगळं. इंग्रजीला हे शेपूट नाही. “मग तीन अक्षरांत जे कोंबलंयस ते सगळं उलगडून सांग,” मॅडम म्हणाल्या. पाऊण तास झटले तेव्हा वाक्य जमलं: ‘बिफोर आय कुड स्टॉप मायसेल्फ, आय हॅड सेड इट.’ माझं पहिलं इंग्रजी वाक्य मी हेच धरते. त्याआधीची सगळी उसनी.

‘राहून गेली’चं प्रकरण मात्र हसण्यावारी गेलं नाही. मराठीत माफी मागायची राहून जाते. जशी काही ती तिची तीच मागे राहते, कुणी राहू दिली हा प्रश्न वाक्यात डोकावतच नाही.

“माफी कोणी मागितली नाही?” मॅडम.

“मी.”

“मग ‘मी’पासून सुरुवात कर.”

‘आय नेव्हर अपॉलोजाइज्ड.’ तीन शब्द. लिहिताना कुणीतरी मनगट धरल्यासारखं वाटलं. आता, इंग्रजीतही अंग काढून घ्यायची सोय नाही असं नाही. ‘मिस्टेक्स वेअर मेड’ म्हणून मोठमोठी माणसं सुटतातच. पण तिथे झाकाझाक केलेली दिसते तरी. ‘राहून गेलं’ इतकं घरगुती आणि निरागस आहे की ते आपण स्वतःशीसुद्धा वापरतो.

मग मला ही गोष्ट जिथे तिथे दिसायला लागली. मला राग आला, मला आठवलं, मला समजलं, मला सर्दी झाली, मला तो आवडतो. राग येतो, आठवण येते, सर्दी होते, आणि मी ‘ला’ लावून त्यांच्या वाटेत उभी. इंग्रजीत जवळपास या प्रत्येक ठिकाणी मला उठून कर्त्याच्या खुर्चीत बसावं लागतं: आय गॉट अँग्री, आय रिमेम्बर्ड, आय अंडरस्टूड, आय कॉट अ कोल्ड. सर्दीसुद्धा मीच पकडायची! पहिल्या सत्रभर मी पानाच्या डोक्यावर पेन्सिलीने दोन प्रश्न लिहून ठेवायचे: ‘कोण? काय केलं?’ वाक्य सुरू करण्याआधी या दोघांची उत्तरं द्यायची आणि बाकीचा पसारा मागाहून.

हा क्रम मला फार जड गेला. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे सगळी वऱ्हाडी मंडळी आधी येऊन बसतात आणि नवरदेव शेवटी उगवतो. ‘परवा जिन्यात भेटलेल्या मुलीच्या भावाने लिहिलेलं पत्र मी वाचलं.’ यात काय अवघड आहे? पण इंग्रजीत नेताना पत्र पुढे येतं, त्याच्यामागे लिहिणारा भाऊ, भावामागे मुलगी, मुलीमागे जिना आणि परवा. अख्खी माळ उलट्या टोकाने ओवायची. मी जिन्यापासून सुरुवात करायचे आणि पत्रापर्यंत पोचेतो क्रियापद वाटेत कुठेतरी गळलेलं असायचं. लांब वाक्यांत क्रियापदच नाही, अशी माझ्या पहिल्या निबंधात तीन वाक्यं निघाली.

मॅडमचं म्हणणं, याचं मूळ विभक्तीत आहे. ‘मांजराने कुत्र्याला हाकललं’ आणि ‘कुत्र्याला मांजराने हाकललं’, दोन्हींत पळाला कुत्राच. ‘ने’ आणि ‘ला’ पहारा देतात, म्हणून आपण शब्द कुठेही हलवू शकतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही अशा विभक्ती होत्या. त्या झिजून गेल्या आणि कोणी कोणाला हाकललं हे सांगायचं काम शब्दाच्या जागेवर येऊन पडलं. जागा बदलली की मांजराऐवजी कुत्रा हाकलायला लागतो. हे ऐकल्यावर शब्दक्रम नावाची कटकट मला निदान कारणासकट मिळाली. कारण कळलं की माझा हात जरा लवकर वळतो, बाकीच्यांचं माहीत नाही.

४१पैकी १९ वर्तुळं मात्र वेगळ्याच गोष्टीची होती. अ, ॲन आणि द.

ही तीन पाखरं मी अंदाजपंचे सोडायचे. बरेच दिवस ‘द’ दिसला नाही असं वाटलं की एक टाकायचा. व्याकरणाच्या पुस्तकात नियम होते, पण ते वाचून उलट घाबरायला व्हायचं. नद्यांना ‘द’ लागतो, सरोवरांना बहुधा लागत नाही. ‘द हिमालयाज’, पण नुसतं ‘एव्हरेस्ट’. शाळेत शिकायला जाताना ‘टू स्कूल’ आणि कचेरीत जाताना ‘टू द ऑफिस’. आजारी माणूस ब्रिटिश असेल तर ‘इन हॉस्पिटल’, अमेरिकन असेल तर ‘इन द हॉस्पिटल’. वर्गातल्या एका मैत्रिणीचं शिक्षण पहिलीपासून इंग्रजीत झालेलं. तिला विचारलं, तू कसं ठरवतेस? ती म्हणाली, “अगं, कानाला बरं वाटतं ते लिहायचं.” तिच्या कानाला बरं वाटत असेल. माझ्या कानाला दोन्ही सारखंच बरं वाटत होतं, ही तर अडचण होती.

गंमत म्हणजे उत्तर मराठीतच सापडलं. मॅडमनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ‘टेबलावर पुस्तक आहे.’ ‘पुस्तक टेबलावर आहे.’ आणि विचारलं, “फरक काय?”

फरक आहे हे लगेच कळलं, सांगायला मात्र वेळ लागला. पहिल्यात पुस्तकाची बातमी नवीन आहे. कुठलं तरी पुस्तक. दुसऱ्यात ज्या पुस्तकाबद्दल आपण दोघी आधीच बोलतोय ते, शोधत होतीस ना, ते. पहिल्या पुस्तकाला ‘अ’, दुसऱ्याला ‘द’.

“म्हणजे ‘द’ तुला जन्मापासून येतो,” मॅडम म्हणाल्या. “तू तो जागेने दाखवतेस. इंग्रजीत जागा आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेली आहे, म्हणून तिथे एक शब्द ठेवावा लागतो. दरवेळी एवढंच विचार, कुठलं पुस्तक ते वाचणाऱ्याला कळलंय का?”

मी घरी येऊन तो निबंध पुन्हा काढला आणि प्रत्येक नामापाशी थांबून हा एकच प्रश्न विचारत गेले. १९पैकी १४ ठिकाणी उत्तर आपसूक मिळालं. उरलेली पाच नद्या-सरोवरांच्या जातीची होती. ती पाठच करावी लागतात आणि मी ती हळूहळू केली. नंतर शब्दांच्या इतिहासात डोकावले तेव्हा आणखी मजा वाटली. इंग्रजीतला ‘अ’ आणि ‘ॲन’ हे मुळात ‘एक’ या अर्थाच्या शब्दाचेच झिजलेले तुकडे आहेत, आणि ‘द’ हा ‘दॅट’च्या कुळातला, म्हणजे ‘तो, ती, ते’वाला. आपल्या गोष्टी कशा सुरू होतात? एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या. ‘एक’ आणि ‘त्या’. मी लहानपणापासून हेच तर ऐकत होते.

‘ॲन’चा एक किस्सा तर मी अजून कुणी ऐकून घेणारं भेटलं की सांगते. ‘एप्रन’ हा शब्द आधी ‘नॅप्रन’ होता. ‘अ नॅप्रन’ असं भरभर म्हणताना ‘न’ कोणाचा हेच लोकांना कळेनासं झालं आणि तो बिचारा शब्दातून निघून ‘ॲन’ला जाऊन चिकटला. ज्यांची ती मायबोली, त्यांचाही ‘अ’ आणि ‘ॲन’मध्ये असा गोंधळ उडाला होता, हे वाचून मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

बरं वाटण्याची गरज होती, कारण त्याच सुमाराला दुसऱ्या एका विषयाच्या तासाला माझं एक वाक्य वर्गात मोठ्याने वाचलं गेलं होतं. शिकवणाऱ्यांनी नाव घेतलं नाही, पण शेजारच्या बाकावरच्यांना माझं अक्षर ओळखू येत होतं. वर्ग हसला. मीही हसले. पुढचा महिनाभर मी फक्त खात्रीची वाक्यं लिहिली. पाच-सहा शब्दांची, पहिल्यापासून माहीत असलेली. वर्तुळं झपाट्याने कमी झाली, एका पानावर तर सहाच. पण ते पान वाचलं तर एखाद्या सात वर्षांच्या मुलीने लिहिल्यासारखं. मराठीत मी एकोणीस वर्षांची होते, वाद घालू शकत होते, टोमणा मारू शकत होते, ‘तसं नव्हे, पण अगदीच तसं नाही असंही नव्हे’ असल्या कोलांट्या मारू शकत होते. इंग्रजीत शिरलं की माझं वय सात व्हायचं. परक्या भाषेत लिहायला शिकताना चुकांपेक्षा हे जास्त छळतं, आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

मॅडमनी ते सहा वर्तुळांचं पान बघितलं आणि म्हणाल्या, “छान. यात तू कुठे आहेस?” मग पान परत दिलं.

यावर मी जो उपाय काढला तो त्याहून वाईट होता. समानार्थी शब्दांचा कोश आणला आणि साध्या शब्दांना हुसकावून भरजरी शब्द बसवायला सुरुवात केली. ‘यूज’च्या जागी ‘युटिलाइज’, ‘मेनी’च्या जागी ‘अ प्लेथोरा ऑफ’. ते दिवस मी फार लांबवत नाही. दोन निबंधांत खूळ उतरलं.

त्याऐवजी हाती आला तो शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश. असे कोश असतात हेच मला माहीत नव्हतं. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२मध्ये तिथे छापला गेला आणि १९४८मध्ये ऑक्सफर्डने काढला. अशा कोशांतला तो सुरुवातीचा. इंग्रजी ज्यांची मायबोली नाही त्यांनाच समोर धरून केलेला असल्यामुळे त्यात अर्थाइतकंच हे सांगितलेलं असतं की शब्द कोणाच्या शेजारी बसतो. पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नसतो. चूक ‘मेक’ करतात, ‘डू’ नाही. आणि नामापुढे कंसात एक इवलंसं अक्षर: मोजता येत असेल तर ‘सी’, नसेल तर ‘यू’. त्या ‘यू’ने मला किती वाचवलं! इन्फॉर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, इक्विपमेंट, होमवर्क. यांतल्या प्रत्येकाला मी वर्षानुवर्षं ‘एस’ लावत आले होते. मराठीत मी चार सल्ले देऊ शकते. इंग्रजीत सल्ला मोजायचाच असेल तर त्याचे तुकडे करून ‘पीसेस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणावं लागतं.

वहीच्या मागच्या पानांवर मी सापळ्यांची यादी करत गेले. माझ्या‘वर’ रागावली, म्हणून ‘अँग्री ऑन मी’. त्याच्या‘शी’ लग्न, म्हणून ‘मॅरीड विथ’. विषया‘वर’ चर्चा, म्हणून ‘डिस्कस ऑन’, आणि ते सुधारायला गेले तर ‘डिस्कस अबाउट’. खरं तर तिथे काहीच लागत नाही. ‘दोन वर्षांपासून शिकतेय’ म्हणून ‘आय ॲम लर्निंग सिन्स टू इयर्स’. ‘मला माहीत आहे’तल्या ‘आहे’ने फसून ‘आय ॲम नोइंग’. आणि एक सापळा असा, ज्याचं खापर मराठीवरही फोडता येत नाही: ही, शी, इट यांच्यामागून येणाऱ्या क्रियापदाचा ‘एस’. गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली एवढं सगळं न चुकता सांभाळणारी मी, आणि इंग्रजीने वर्तमानकाळात मागितलेला एकुलता एक ‘एस’ मला देता येत नव्हता.

स्पेलिंगचा त्रास कमी झाला, कारण मोबाइल ते सुधारतो. तरी ‘डेट’मधला, म्हणजे कर्जातला, मुका ‘बी’ मला सलायचा. तो तिथे नव्हताच मुळी. लॅटिनमध्ये ‘डेबिटम’ आहे म्हणून पंडितांनी नंतर आणून बसवला. ‘आयलंड’मधला ‘एस’ही असाच, चुकीचं नातं जोडून घुसवलेला. आणि ‘नाइट’मधला, म्हणजे सरदारातला, ‘के’ खरोखर उच्चारला जायचा. इंग्लंडात १४७६मध्ये विल्यम कॅक्सटनने छापखाना काढला. मग छापील अक्षरं जागच्या जागी घट्ट बसत गेली, बोलणं मात्र पुढे निघून गेलं. आपण ह्रस्व-दीर्घावरून एकमेकांची उणीदुणी काढतो, पण निदान लिहिलेलं सगळं वाचतो तरी.

स्वल्पविरामाचं वेगळंच. मी दोन पूर्ण वाक्यं स्वल्पविरामाने जोडायचे, तिसरंही जोडायचे, मराठीत ते कुणाला खुपत नाही, हे वाक्यच बघा. इंग्रजीत तो गुन्हा. आता हा स्वल्पविराम आपल्याकडे आला तोच इंग्रजीतून. मराठीत ही सगळी विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय १९व्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना देतात. त्यांच्याकडून घेतलेलं चिन्ह आपण आपल्या घरात सैल केलं आणि आता त्यांच्या घरी जाताना पुन्हा पट्टा आवळायचा.

वाक्यं सावरायला लागल्यावर वर्तुळं परिच्छेदांवर पडायला लागली. माझी प्रस्तावना! ‘मनुष्य हा समाजशील प्राणी आहे’ छापाची चार वाक्यं झाल्याशिवाय मला विषयाला हात घालता येत नसे. विषय ग्रंथालयाचा असो की पावसाचा, आधी मनुष्यजात, मग संस्कृती, मग आधुनिक युग. मॅडमनी पहिल्या परिच्छेदावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, “आता वाच. काय हरवलं?” काही नाही. पुढच्या निबंधात पुन्हा तळहात. पुन्हा काही नाही. चौथ्या खेपेला मी स्वतःच हात ठेवून बघितलं आणि पहिला परिच्छेद फाडला. लोक म्हणतात की इंग्रजी मुद्द्यावर येतं आणि मराठी वळसे घेतं. मला हे पटत नाही. चांगला मराठी लेखही पहिल्या ओळीत धरतो. वळसे घ्यायला मला पाठ केलेल्या निबंधांनी शिकवलं होतं, मराठीने नाही.

सर्वांत जास्त फायदा कशाने झाला असेल तर एका कंटाळवाण्या उद्योगाने. इंग्रजी वर्तमानपत्रातला एखादा छोटा परिच्छेद घ्यायचा, त्यातले मुद्दे मराठीत टिपायचे, कात्रण दोन दिवस दृष्टीआड ठेवायचं आणि मग नुसत्या टिपणांवरून तो इंग्रजीत पुन्हा लिहायचा. शेवटी दोन्ही शेजारी ठेवायचे. बेंजामिन फ्रँकलिनने लहान वयात आवडत्या नियतकालिकातले लेख घेऊन असंच काहीसं केलं होतं, हे मला नंतर कळलं. तो तर टिपणं मुद्दाम विस्कटून क्रम पुन्हा लावायचा. माझी तेवढी मजल गेली नाही.

एक नमुना अजून वहीत आहे. मूळ वाक्य: ‘द ब्रिज, विच हॅड बीन क्लोज्ड सिन्स द फ्लड, रीओपन्ड ऑन मंडे.’ माझं: ‘ऑन मंडे ब्रिज रीओपन्ड. इट वॉज क्लोज्ड फ्रॉम फ्लड.’ अर्थ पोचतो, नाही असं नाही. पण मी त्या दोन ओळींसमोर अर्धा तास बसले होते. त्यांनी पुलाची जुनी हकिगत दोन स्वल्पविरामांच्या मध्ये ठेवली आणि बातमी मोकळी केली. माझ्या वाक्यात दोन्ही गोष्टी सारख्याच वजनाच्या. ‘हॅड बीन’ने पूल आधी बंद होता आणि मग उघडला, हा क्रम लागला. आणि ‘द फ्लड’. त्यांनी गृहीत धरलं की कुठला पूर ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं. म्हणजे त्या वर्तमानपत्राने वाचक म्हणून ज्याला समोर धरलं होतं, तो मी नव्हते. एका ‘द’ने मला बाहेर उभं केलं होतं.

व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर का नाही वापरलंस, असं कुणीतरी विचारेलच. वापरते. ‘एस’ राहिला की ते लगेच खाली रेघ मारतं, ‘ॲडव्हाइसेस’ लिहू देत नाही, दमलेली असताना फार उपयोगी पडतं. पण ‘आय मेट अ गर्ल ऑन द स्टेअर्स’ आणि ‘आय मेट द गर्ल ऑन द स्टेअर्स’, दोन्हींना ते मान डोलावतं. दोन्ही बरोबरच आहेत. ती मुलगी वाचणाऱ्याला आधी भेटलीय की नाही, हे मीच ठरवायचं.

दुसरं वर्ष संपताना शेवटचा निबंध होता, विषय आपला आपण घ्यायचा. मी लिहायला शिकण्याबद्दलच लिहिलं. पहिलंच वाक्य: ‘द टीचर ड्रू स्मॉल सर्कल्स इन द मार्जिन.’ दोन पानांत तीन वर्तुळं आली, आणि त्यातलं पहिलं या वाक्यासमोर.

मी तावातावाने गेले. “मॅडम, यात काय चुकलं?”

“कुठली टीचर? वाचणाऱ्याला कळलंय?”

“पण एकच तर आहात.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ते तुला माहीत आहे,” म्हणाल्या. “त्याला कसं कळणार?” वर्तुळ काही खोडलं नाही.

त्या रात्री मी त्या वाक्याच्या आधी आणखी दोन वाक्यं घातली. पहिल्यात ‘अ टीचर’ आली, तिची पेन्सिल आली. दुसऱ्यात तळाशी लिहिलेली ती ओळ: मोज, शोध, मग भेट. मग तिसऱ्या जागी ‘द टीचर’ तशीच ठेवली. या खेपेला तिथे वर्तुळ पडलं नाही. ते पडलं त्याच्या खालच्या ओळीवर, ‘शी नेव्हर टेल यू व्हॉट इज राँग’ इथे. ‘टेल’चा ‘एस’ राहून गेला होता.

म्हणजे, मी विसरले होते.